महामार्गापासून ऐंशी पावलांवर शामा, कस्तुर, नवरंग हे रानपक्षी. आणि आता तिथे 'सुशोभीकरण' येतंय

पऱ्याकाठ | १४ एप्रिल, सकाळी ९.१०

गेली चार वर्षं मुलीला सकाळच्या क्लासला सोडलं की मी पाऊण तास एका जागी जाऊन बसते. रत्नागिरी शहराच्या वेशीवर, कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गापासून ऐंशी पावलांवर. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. घरट्यांचे दिवस आहेत आणि फोटोसाठी गर्दी व्हायला वेळ लागत नाही.

वर रस्त्यावर ट्रक गिअर बदलत चढ चढतात, सात वाजल्यापासून शाळेच्या गाड्या सुरू होतात. गडगा (दगडी कुंपण) ओलांडून उतरलं की खाली पऱ्या, म्हणजे ओढा. पाणी दिवाळीपर्यंत वाहतं, पुढे कोंडीत साचून राहतं, आत्ता एप्रिलात चिखलापुरतं उरलंय. दोन्ही काठ मिळून तीनेक एकर रान असेल. दोन वड, एक प्रचंड सातवीण, किंजळ, कुंभा, काजरा, सुरंगीची दोन झाडं, त्यांच्यावर चढलेली उक्षी, आणि मधे करवंदाच्या जाळ्या, ज्यात माणसाला शिरताच येत नाही. मोठ्या वडाखाली राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. वर्षातून एकदा राखण देतात, एरवी तिथे कोणी कोयता घेऊन जात नाही.

दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंजीर हे पक्षी रत्नागिरीत कुणाच्याही परसात दिसतील. पण या पऱ्यात जे राहतात ते परसातले नव्हेत, रानातले आहेत. नारिंगी डोक्याचा कस्तुर पाचोळा उलटापालटा करत फिरतो. पाचू होला वाळक्या पानांवरून इतका हळू चालतो की आधी आवाज येतो आणि पक्षी मागाहून दिसतो. शामा आहे. भृंगराज आहे, शेपटीच्या दोन लांब तारा मागे नाचवत सातभाईंच्या थव्याबरोबर हिंडणारा. थव्याने उडवलेले किडे तो वरच्यावर टिपतो. थंडीत स्वर्गीय नर्तक. आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे नवरंग.

एवढ्याशा जागेत, रस्त्याच्या इतक्या जवळ हे कसे टिकले, याचा मी खूप विचार केला आहे. "हिरवळ आहे म्हणून" हे उत्तर पुरत नाही. पलीकडे नवीन वसाहतीची बाग आहे, तीही हिरवी आहे. तिथे यातला एकही नाही. फरक जमिनीवर आहे. बागेत रोज झाडू फिरतो, इथे पाचोळा घोट्यापर्यंत साचलेला असतो. त्याच्याखाली ओल टिकते, ओलीत गांडुळं, वाळवी, गोगलगाई, आणि त्यावर कस्तुर आणि नवरंग जगतात. आपल्याकडे भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) आणि कलमांच्या बुंध्याला घालायला पाचोळा गोळा करून नेतात, पण राखणदाराच्या हद्दीतला कोणी नेत नाही. तेवढ्यानेच ही जमीन मऊ राहिली आहे.

दुसरी गोष्ट वठलेली झाडं. सातविणीची एक मोठी फांदी वाळून तशीच उभी आहे. त्यात कुटुरग्याने भोक पाडलंय, या आठवड्यात नर-मादी आळीपाळीने फळं घेऊन आत जाताहेत. कुटुरगा काय, सुतार काय, दरवर्षी नवं बीळ कोरतात. त्यांनी सोडलेलं बीळ मग दयाळाला, पिंगळ्याला मिळतं. एक वाळकी फांदी पाडली तर किती बिऱ्हाडं उठतात बघा.

आता मुख्य विषय. या जागेचं सुशोभीकरण करायचा प्रस्ताव आहे. मी जाऊन विचारलं. "एकही जिवंत झाड तोडणार नाही" असं मला सांगितलं, आणि सांगणारा माणूस प्रामाणिक वाटला. करणार काय, तर खालची झाडी साफ, वाळकं सगळं काढणार, पेव्हर ब्लॉकची वाट, बाकं आणि रात्रभर दिवे. म्हणजे उंच झाडं सगळी राहणार आणि रान तेवढं जाणार.

अशा जागा तुमच्याकडे आहेत का? कोणी काही वाचवलं असेल तर कसं, ते लिहा.

---

साळवीस्टॉपचा_शेजारी | १४ एप्रिल, दुपारी १२.४०

ताई, जागा मी ओळखली, नाव घेत नाही. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आम्ही पलीकडच्या वसाहतीत राहतो. त्या पऱ्यात लोक रस्त्यावरून पिशव्या भरभरून कचरा फेकतात. पावसात तो मोरीत अडकतो आणि पाणी आमच्या पार्किंगमध्ये येतं. गेल्या श्रावणात जिन्याखाली फुरसं, विषारी साप, निघालं. माझी आई पंचाहत्तर वर्षांची आहे, संध्याकाळी तिला चालायला या भागात एक सपाट वाट नाही. रस्त्याकडेने चालावं तर ट्रक अंगावर येतात. त्यामुळे बाकं आणि वाट म्हटल्यावर आम्हाला आनंद झाला, हे खरं सांगतो. पक्षी राहावेत असं मलाही वाटतं, पण आम्हीही इथेच राहतो.

---

कर्नाळावारी | १४ एप्रिल, रात्री ८.०५

पनवेलहून लिहितोय. आमच्या कर्नाळ्याला तर मुंबई-गोवा महामार्ग अगदी दाराशी आहे. १९६८ साली अभयारण्य झालं, तेव्हा फारच लहान होतं. पुढे वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर झालं. फाटकाशी उभं राहिलं तर बोलणं ऐकू येत नाही इतकी वाहनं. पण वाटेने आत शिरलं, डोंगराची एक सोंड आड आली, की महामार्ग बंद केल्यासारखा वाटतो आणि कुटुरग्यांचा गजर सुरू होतो. पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षाही लहान, पण ओढ्याकाठच्या उघड्या मातीच्या दरडीत हातभर लांब बीळ खणतो.

तुमच्या पऱ्याच्या काठाला उभी मातीची दरड आहे का? असेल तर जूनमध्ये लक्ष ठेवा. आणि तिथे दगडी पिचिंग होऊ देऊ नका. काठ बांधून काढला की खंड्याचा विषय संपला.

---

कुडाळचो_झील | १४ एप्रिल, रात्री १०.३०

आमच्याकडे राईतलो वाळको खाटको पण कोण घराक हाडणा नाय. देवचार राखता म्हणतत. मी शिकलेलो माणूस, तरी राईत जाताना चपला बाहेर काढतंय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण मराठीत लिहितो. आमच्या राईला लागून चौपदरी रस्ता गेला. राई वाचली, पण तिच्यापासून रस्त्यापर्यंतचे जुने वड गेले. त्याआधी ककणेर (मलबारी कवड्या धनेश, पुस्तकात हे नाव आहे) सकाळी एका वडावरून दुसऱ्यावर असे टप्पे घेत राईत यायचे. काजऱ्याच्या फळाचा गर खायला. काजऱ्याची बी विषारी, पण धनेश गर खातो आणि बी सोडून देतो. आता मधली झाडं नाहीत. राई आहे तशीच आहे, ककणेर कमी झाले. म्हणून ताई, तुमच्या तीन एकरांइतकंच तो पऱ्या वर कुठे जातो आणि खाली कुठे जातो तेही बघा. काठाची झाडं सलग असली तर पक्षी येत-जात राहतील. तीन एकर एकटे पडले तर हळूहळू रिकामे होतील.

---

पऱ्याकाठ | १५ एप्रिल, सकाळी ८.५०

@कर्नाळावारी, दरड आहे, वरच्या अंगाला, पुरुषभर उंच. खंड्या मी पाहिलेला नाही, पण तिथे कधी लक्षच दिलं नाही. आता देईन.

@कुडाळचो_झील, पऱ्या वर सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या माळापर्यंत जातो. सड्याखालचा भाग कलमांच्या बागांतून आहे, पण काठाला किंजळ-आईन अजून धरून आहेत. खालच्या अंगाला मोरी, मोरीपलीकडे इमारती. म्हणजे एक दार उघडं आहे, एक बंद.

@साळवीस्टॉपचा_शेजारी, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. कचऱ्याबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. पण कचरा आणि पाचोळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सफाईच्या निविदेत दोन्ही एकाच शब्दाखाली येतात, माझी भीती ती आहे. फुरशाबद्दल म्हणाल तर ते या जांभ्या दगडाच्या मुलखाचंच आहे, सड्यावर आणि गडग्यांच्या फटीत राहणारं. खालची झाडी काढली म्हणून ते जाणार नाही. उलट कचऱ्याला उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. तुमच्या आईंच्या वाटेचं मात्र खरंच काहीतरी व्हायला हवं. मी तो विचार केला नव्हता.

---

ध्वनिवेडा | १५ एप्रिल, दुपारी ३.१५

आवाजाबद्दल थोडं, माझा तो विषय आहे. झाडांचा पातळ पट्टा गाड्यांचा आवाज फारसा अडवत नाही, आपल्याला फक्त रस्ता दिसेनासा होतो म्हणून तसं वाटतं. आवाज खरा अडतो तो मातीने आणि उताराने. तुमचा पऱ्या रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, हेच त्याचं कवच. उद्या भराव टाकून तो 'समतल' केला तर एकही झाड न तोडता ते कवच जाईल.

गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली असते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट, म्हणजे आपल्या रामगंगऱ्याचे भाऊबंद, वरच्या पट्टीत गातात. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रस्ते शांत झाले तेव्हा तिथल्या एका जातीच्या चिमण्यांनी हळू आवाजात आणि खालच्या पट्टीतले सूरही घेत गायला सुरुवात केली. गोंगाट गेला तर पक्षी परत पूर्ण गळ्याने गाऊ शकतात, हे त्यातून कळतं. पण सगळ्यांना पट्टी बदलता येत नाही. होल्याचा, भारद्वाजाचा आवाज मुळातच खर्जातला, तो घरघरीत बुडतो.

एक करून पाहा. सहाच्या आधी एकदा आणि आठ वाजता एकदा, एकाच जागी फोनवर दहा-दहा मिनिटं ध्वनिमुद्रण. कोण किती वेळा बोललं ते मोजा. अशी नोंद कोणासमोरही ठेवता येते.

---

डोंबिवलीकर_मूळगाव | १६ एप्रिल, रात्री ११.५०

दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं. त्या जागेच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातलं एक माझं.

सगळे जण तिथे काय व्हावं ते ठरवताहेत आणि जमीन कुणाची हे कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटलं. ती पडीक नाही. माझे आजोबा त्या पऱ्याला दरवर्षी मार्गशीर्षात आडवा बांध घालायचे, दगड, माती आणि पेंढ्याचा. त्याचं पाणी पाटाने खालच्या आगराला, म्हणजे बागेला जायचं. आगर विकून झालं, तिथेच ती वसाहत उभी आहे. वरचं रान त्यांनी शेवटपर्यंत राखलं. एकदा कोळसेवाला पैसे घेऊन आला होता, सगळं रान एकरकमी मागत होता. आजीच्या आजारपणाचे दिवस होते, पैसा हवाच होता. त्यांनी अंगणातले दोन फणस दिले, पण रानाला हात लावू दिला नाही.

आता आम्ही एकतीस जण, चार गावांत आणि तीन शहरांत विखुरलेले. माझ्या दोन चुलत भावांना विकायचं आहे आणि त्यांची गरज खरी आहे. सुशोभीकरणाला संमती द्यावी असं काहींना वाटतं, कारण निदान विकलं तरी जाणार नाही. रान तसंच ठेवा म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

---

पऱ्याकाठ | १७ एप्रिल, सकाळी ७.०५

दादा, तुमची क्षमा मागते. चार वर्षं मी तुमच्या आजोबांच्या रानात बसते आहे आणि मालकाचा शोध घ्यावा हे मनातही आलं नाही. पाटाचे दगड मी पाहिले आहेत, ते काय आहे ते कळत नव्हतं.

तुमच्या आजोबांनी ते रान राखलं म्हणूनच आज तिथे शामा गातो. जूनमध्ये गावी आलात तर एक सकाळ माझ्याबरोबर चला. विकू नका म्हणण्याचा मला अधिकार नाही.

---

वनस्पतीमित्र_देवरूख | १७ एप्रिल, सकाळी ११.२०

डोंबिवलीकर यांनी दुखरी नस दाखवली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी, बहुतेक जंगल खासगी मालकीचं. इथलं रान टिकलंय ते घराघरांतल्या निर्णयांवर.

रानाविषयी दोन गोष्टी. वडांना सर्वांत जास्त जपा. वड, उंबर, पिंपळ या कुळातली झाडं सगळी एकाच वेळी फळत नाहीत. रानात बाकी काही पिकलेलं नसतं त्या दिवसांत कुठला तरी एक वड लगडलेला असतो. हरियाल, कुटुरगा, हळद्या, धनेश यांची पडत्या काळातली शिदोरी तीच.

दुसरं, "काहीच हात लावू नका" हेही पूर्ण बरोबर नाही. रस्त्याच्या बाजूने रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं आत सरकत असणार. रानमोडी माजली की खाली रोपं उगवत नाहीत, आणि आजच्या वडा-किंजळींच्या जागी उद्या काहीच नसतं. ती काढायची, पण सगळी एका दमात नाही. घाणेरीच्या जाळीत बुलबुल, सातभाई घरटी करतात. दिवाळीनंतर, कडेकडेने, मुळासकट, आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यात तिथल्याच बिया. यंत्र नको, माणसं हवीत. जेसीबी शिरला की पाचोळ्याचा थर गेलाच समजा.

---

कायदा_बोला | १७ एप्रिल, संध्याकाळी ६.४५

जागा नगरपरिषद हद्दीत असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, झाडतोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक वर्षांचं झाड प्राचीन वृक्ष धरलं जातं. तुमचे वड आणि सातवीण त्यात बसतीलच. जागा ग्रामपंचायतीकडे असेल तर जैवविविधता समितीकडून लोक जैवविविधता नोंदवहीत या रानाची नोंद करून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यातली ही सोय आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेची रानजायफळाची राई अडीच हेक्टरांच्या आसपास, तरी तिला २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जागा लहान आहे म्हणून मागे सरू नका.

मात्र हे कायदे झाडाला वाचवतात. करवंदाची जाळी आणि पाचोळा त्यांत बसत नाहीत. त्यासाठी कामाच्या आराखड्यातच बदल करून घ्यावा लागेल.

---

चौथा_मजला | २९ मे, सकाळी ६.५५

धागा वर काढतेय, मदत हवी आहे. रत्नागिरीतच राहते. आत्ता गॅलरीच्या काचेवर काहीतरी आदळलं. हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा, आखूड शेपूट. जिवंत आहे, डोळे मिटून बसलाय. पाणी पाजू का?

---

पऱ्याकाठ | २९ मे, सकाळी ७.०२

नवरंग आहे! पाणी अजिबात पाजू नका, श्वासनलिकेत जातं. बुटांचा खोका घ्या, झाकणाला चार भोकं पाडा, आत सुती कापड, आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. सारखं उघडून बघू नका. हे पक्षी दक्षिणेतून रात्री प्रवास करत येतात आणि थकलेले असताना काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसलं की आदळतात. दोनेक तासांनी झाडीच्या कडेला खोका जमिनीवर ठेवून उघडा. पंख लोंबत असेल किंवा उभा राहत नसेल तर वन विभागाला १९२६ वर फोन करा.

---

चौथा_मजला | २९ मे, सकाळी १०.३०

साडेनऊला खोका उघडला. क्षणभर बसला, मग दोन उड्या मारून जाळीत गेला. सकाळपासून हात थरथरताहेत माझे. काचेचं काय करू? दुसरा आला तर?

---

ध्वनिवेडा | २९ मे, दुपारी १.००

काचेवर बाहेरच्या बाजूने पांढरे ठिपके किंवा रेघा, दोन-दोन इंचांवर. एखादं घारीचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने काढायला जातो आणि आदळतो.

---

पऱ्याकाठ | २१ जून, रात्री ९.३०

बरंच घडलं, एकेक सांगते.

ध्वनिवेडांनी सांगितलं तसं मुद्रण केलं, सलग दहा दिवस. सहाच्या आधीच्या दहा मिनिटांत शामा, दयाळ, कस्तुर, कुटुरगा, जंगली पिंगळा सगळे स्पष्ट ऐकू येतात. आठच्या दहा मिनिटांत बहुतेक वेळा फक्त कुटुरगा आणि सातभाई. ते मुद्रण मी वसाहतीच्या बैठकीत वाजवलं. शेजारी दादांनीच ती बैठक बोलावली होती. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "हे आपल्या खालच्या पऱ्यातलं? मला वाटायचं कुणाचातरी मोबाइल वाजतो."

पुढच्या गोष्टी अजून कागदावर यायच्या आहेत, म्हणून जपून लिहिते. बाकं आणि सपाट वाट वसाहतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत घ्यायचं तोंडी मान्य झालंय, पऱ्याच्या आत नाही. दिवे तिथेच, खाली तोंड केलेले आणि रात्री दहानंतर बंद. मोरीपाशी जाळी आणि कचऱ्याचा डबा. सातविणीची वाळकी फांदी तशीच राहणार, कारण ती कोणाच्या वाटेवर नाही. रानमोडीचं काम दिवाळीनंतर. जमिनीचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. डोंबिवलीकर दादांचे दोन भाऊ अजून विक्रीवर ठाम आहेत. ते स्वतः मागच्या रविवारी आले होते. आजोबांचा बांध कुठे पडायचा ते दाखवलं, मग बराच वेळ पाषाणाजवळ उभे होते.

आणि कर्नाळावारी, वरच्या दरडीत बीळ आहे, दोन बोटं रुंद. शुक्रवारी पाऊस थांबल्यावर निळं-नारिंगी काहीतरी पाण्यालगत सुळकन गेलं आणि त्यात शिरलं. मी तिथूनच मागे फिरले. दरडीजवळ निदान पिल्लं उडेपर्यंत कोणीही जायचं नाही, मीसुद्धा.

---

साळवीस्टॉपचा_शेजारी | २१ जून, रात्री १०.१०

रविवारी सकाळी साडेसहाला मोरीतला कचरा काढायला आम्ही आठ जण आहोत. हातमोजे आणि पोती माझ्याकडे आहेत. येणाऱ्यांनी घोट्यापर्यंतचे बूट घाला, फुरसं पावसात बाहेर असतं. फक्त प्लास्टिक आणि बाटल्या उचलायच्या, पाचोळ्याला हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईला बरोबर आणतोय. ती वरच्या पट्टीत खुर्ची टाकून बसेल, तिला तो शामा ऐकायचाय.